जागा आणि जुळणी

सोलापूर, चैत्र

ती. अण्णांस,


छिन्नमनस्कतेसारखा दीर्घकालीन मानसिक आजार असलेल्या माणसाने कोठे राहावे, हा प्रश्न बहुधा जागा कोठे रिकामी आहे एवढे पाहून मिटवला जातो. वास्तविक त्याला कशात आधार लागतो आणि कशात लागत नाही, हे आधी ठरून मग जागेचा शोध सुरू व्हायला हवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १९ ने समाजात राहण्याचा हक्क दिला, तरी महाराष्ट्रातील मनोरुग्णालयांतून बरे झालेले रुग्ण भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत धाडले जात असल्याचे पाहून सर्वोच्च न्यायालयाला २०१९ मध्ये ते थांबवावे लागले. छप्पर मिळाले होते, जुळणी झाली नव्हती.

पर्याय एकच नाही. रुग्णालय आणि घर यांच्यामधला तात्पुरता मुक्काम म्हणजे हाफ-वे होम. चेन्नईच्या ‘द बनियन’ संस्थेच्या ‘होम अगेन’ उपक्रमात मात्र चार-पाच जण साध्या वस्तीतल्या घरात एकत्र राहतात आणि मदतनीस गरजेपुरता हात देतो. कुटुंबच सर्वांत योग्य, असेही गृहीत धरता येत नाही, कारण लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी १९५० च्या दशकात केलेल्या पाहणीत आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्या रुग्णांपेक्षा भावंडांकडे वा भाड्याच्या खोलीत राहिलेल्यांची प्रकृती अधिक टिकल्याचे आढळले. सतत दोष काढणे आणि अतिकाळजी यांनी आजार उलटतो, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

सोलापुरात या जुळणीला आणखी काही कसोट्या लागतात. पूर्व भागात तेलुगू बोलत वाढलेल्या बाईला, कोणालाच तेलुगू येत नाही अशा निवासात ठेवले, तर तिचे गप्प राहणे आजाराच्या खात्यावर जमा होईल. यंत्रमागाशेजारच्या खोलीत रात्रपाळीच्या खडखडाटाने झोप मोडते, आणि झोप मोडणे ही अनेकदा आजार उलटण्याची पहिली खूण असते. उन्हाळ्याचा विचार तर जागा ठरवताना क्वचितच होतो: मनोविकारांवरील काही औषधांनी उष्णता बाहेर टाकण्याची शरीराची शक्ती मंदावते, आणि लिथियम घेणाऱ्याच्या अंगातले पाणी कमी झाले की रक्तातले औषध विषारी पातळीपर्यंत चढू शकते, म्हणून वैशाखात पत्र्याच्या छपराखालची खोली, भाडे कितीही परवडले तरी, अशा माणसासाठी नव्हे.

आता आपल्या धाकट्या भावाबद्दल: त्याची औषधे वेळेवर घेतली जातात, स्वयंपाक जमतो, पैशांचा हिशेब जमत नाही. अण्णांनी जागा पाहताना एवढ्याच गोष्टीसाठी आधार शोधावा, बाकीचे त्याच्याकडेच राहू द्यावे, आणि पसंती कळवण्याआधी ती खोली त्याला भर दुपारी व एकदा रात्री दाखवावी.

आपला आज्ञाधारक,
मधला भाऊ