गाडीचं पुस्तक

धुळ्याच्या माणसाला कागद टाकवत नाही. इतिहासाचार्य राजवाडे उभी हयात गावोगाव जुने कागद धुंडाळत फिरले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने इथे संशोधन मंडळ निघालं, त्यांची दप्तरं सांभाळली गेली. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेची हस्तलिखितं जपलेली आहेत. आमचे अप्पा याच हवेत वाढलेले. घरातली वीजबिलंसुद्धा तारीखवार लावलेली असत. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेल्या बजाज चेतकचं पुस्तक त्यांनी लाल फडक्यात बांधून लोखंडी कपाटात ठेवलं होतं. “गाडीत ठेवलं की तेलकट होतं,” एवढंच त्यांचं म्हणणं.

स्कूटरच्या डिकीत मग पाना, जादा प्लग आणि पुसायचं फडकं. प्लग काजळला की अप्पा भर आग्रा रोडवर तो काढायचे, घासायचे, अंदाजाने गॅप जुळवून पुन्हा बसवायचे. पुस्तक पाठ होतं म्हणून त्यांचं निभलं. भाऊ तीच चेतक घेऊन शिरपूरच्या वाटेवर अडकला, तेव्हा पुस्तक कपाटात अगदी सुखरूप होतं. मी अप्पांना म्हटलं, राजवाड्यांनी लोकांच्या माळ्यांवरचे कागद खाली काढून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली, बावीस खंड; तुम्ही त्यांचं अर्धंच घेतलंत. अप्पा हसले. पुस्तक जागचं हललं नाही.

लग्न होऊन जळगावला आले. डिसेंबर १९८३ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुतीची किल्ली दिली गेली. आमच्या दारात मारुती ८०० यायला आणखी दहा-बारा वर्षं आणि मधे एक मालक लागला. पुस्तक त्या मालकाच्या भुसावळच्या घरी राहिलं. मागितलं की म्हणायचे, “शोधून ठेवतो.” अजून शोधत असावेत. खरं सांगायचं तर अडलं नाही. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे, धुळ्याच्या वाटेवर कुठेही थांबा, झाडाखालच्या मेकॅनिकला ८०० तोंडपाठ असे. आणि पुस्तक असतं तरी ठेवलं कुठे असतं? डाव्या हाताच्या खणात पोलिसाने मागायचे कागद पहिल्या मानाचे: आरसी बुक, विमा, पीयूसी. त्यांच्यामागे नॅपकिन, उलटीच्या गोळ्या, सुपारी, अडकित्ता आणि कुणी, कधी, का ठेवली हे कुणालाच आठवत नाही अशी एक किल्ली.

प्रश्न खऱ्या अर्थाने पडला तो नॅनोमुळे. मार्च २००९ मध्ये ती बाजारात आली, पुढच्या वर्षी आमच्याकडे. एवढ्याशा गाडीत सगळंच उलटंपालटं. दोन सिलिंडरचं ६२४ सीसीचं इंजिन मागे. स्टेपनी पुढे बोनेटखाली, पेट्रोल भरायचं तेही बोनेट उघडून. बॅटरी चालकाच्या सीटखाली. चाकाला नट तीनच. मागचा दरवाजा दिसायला दरवाजा, पण त्या पहिल्या नॅनोंमध्ये तो बाहेरून उघडायचाच नाही. आजवरचं गाड्यांचं सगळं ज्ञान जिथे कुचकामी, तिथे पुस्तक हवंच. आणि नेमकं तेच ठेवायला झाकणाचा खण नाही. डॅशबोर्डला दोन्हीकडे नुसते उघडे कप्पे. कप्प्यात ठेवलं तर पहिल्याच उन्हाळ्यात कव्हर फिकट पडलं, आणि ब्रेक मारला की पुस्तक पायाशी. खानदेशचा मे महिना म्हणजे पारा पंचेचाळीसच्या वर. बंद गाडीत तर त्याहून जास्त. पुस्तकाच्या पाठीचा गोंद सुकतो आणि पानं पापडासारखी सुटी होतात. चालकाच्या सीटखाली बॅटरी. मग उरली डावी सीट. तिच्याखाली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून.

अशाच एका मे महिन्यात पारोळा सोडून मुकटीकडे जाताना चाक बसलं. गाडी मी चालवत होते, मागे सासूबाई, त्यांच्या पायाशी भरताची वांगी, शेजारच्या सीटवर केळी. सीटखाली हात घातला, पुस्तक निघालं. एक मोटारसायकलवाले काका थांबले. “काय व्हयनं ताई?” म्हणत स्टेपनी काढायला थेट मागे गेले, दरवाजा ओढून पाहिला, हलेना. तोवर मी बोनेट उघडलं होतं. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू इंजिन मी घरीच विसरून आले. सासूबाई सावलीला उभ्या राहून पुस्तक उघडं धरून होत्या. मजकूर इंग्रजी, पण चित्रं त्यांना बरोबर कळत होती. जॅक कुठल्या खाचेत बसतो ते त्यांनी बोटाने दाखवलं. काकांनी तो दुसरीकडेच लावला होता. चाक बदललं, काका वांगी घेऊन गेले.

छापील पुस्तकाचा हा गुण मला त्या दिवशी कळला. आपले दोन्ही हात काळे झालेले असताना ते तिसऱ्याच्या हातात देता येतं, आणि त्या तिसऱ्याला त्यासाठी कुठलाही पासवर्ड लागत नाही.

आताच्या गाडीला झाकणाचा, कुलपाचा खण आहे. पोलिसाचे कागदही त्यातून गेले. २०१८ साली केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधली कागदपत्रं ग्राह्य धरायला राज्यांना कळवलं, तेव्हापासून आरसी फोनमध्ये. मूळ आरसी गाडीत ठेवूच नये, गाडी चोरीला गेली तर तीही जाते. म्हणजे इतक्या वर्षांनी खणात जागा झाली होती. पण ती चार्जरच्या वायरी आणि सॅनिटायझरच्या बाटलीने घेतली. पुस्तक? “पीडीएफ आहे ना,” मुलगा म्हणतो. आहे. पण जळगावच्या उन्हात डॅशबोर्डवर तापलेला फोन गार होईपर्यंत उघडणार नाही म्हणतो, आणि नेमक्या त्याच वेळी एखादा दिवा पेटतो. लाल असेल तर थांबायचं, पिवळा असेल तर तपासायचं, एवढं माहीत असतं. नेमकं काय तपासायचं ते पुस्तकात असतं. एक सर्व्हिस सेंटरवाले मला म्हणाले, आता कोण वाचतं हो मॅडम. वाचायला नको आहे. सापडायला हवं आहे.

एकेक जागा मी वापरून पाहिली आहे. डिकीच्या तळाशी, स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी मुरतं, आणि पुस्तक काढायला आधी सगळं सामान रस्त्यावर मांडावं लागतं. सीटच्या पाठीमागच्या खिशात मुलांचे बूट लागतात. डॅशबोर्डच्या वर तर मुळीच नको. १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलना शेजारच्या सीटसाठीही एअरबॅग सक्तीची झाली, ती तिथूनच उघडते, आणि तिच्यासमोर सुटी वस्तू असू नये. घरच्या कपाटाबद्दल वर सांगितलंच आहे. उरतो तो खण, तळाशी, आडवं. कापूस वेचणीच्या दिवसांत गाडी घराबाहेर उभी असेल तर उंदीर खणापर्यंत येतो आणि कागद त्याला आवडतो. आमच्याकडे तंबाखूची पानं ठेवतात, उपयोग थोडाफार होतो. स्वच्छ, बंद होणारी प्लास्टिकची पिशवी त्याहून बरी. जॅकची खाच, फ्यूजचा तक्ता आणि गाडी ओढायचा हूक, या तीन पानांवर चिठ्ठ्या लावा. टायरमधली हवा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेली असते, तिच्यासाठी पुस्तक लागत नाही.

नॅनो अमळनेरच्या एका शिक्षकांनी घेतली. पैसे मोजायच्या आधी मी त्यांना सीटखालची पिशवी दाखवली. तुम्हीही गाडी विकाल तेव्हा पुस्तक किल्लीबरोबर द्या. तुमच्या कपाटात त्याचं काही काम नाही.