छत नसलेलं चर्च
जर्मनीत ऑफिसच्या कामाला गेलात, तर एक वीकेंड हार्झच्या डोंगरांसाठी राखून ठेवाच! तिथल्या वाल्कनरीडचा मठ ११२७ सालचा. चर्चच्या आता फक्त उंच, पडक्या भिंती उरल्यात. वर थेट आभाळ. १५२५ मध्ये चिडलेल्या शेतकऱ्यांनी हा मठ लुटला. देवाच्या घरावर एवढा राग? मला कळेना. मग गावाभोवतीची तळी पाहिली. मठाची तळी, मठाचेच मासे! त्या वर्षीच्या शेतकऱ्यांच्या १२ मागण्यांत मासेमारीचा हक्क होता, जळणाचं लाकूड होतं, वेठबिगारीतून सुटकाही होती. मे महिन्यात फ्रांकेनहाउसेनला सरदारांच्या फौजांनी हजारो शेतकरी कापले. चर्चचे दगड पुढे लोकांनी बांधकामाला नेले. तळी मात्र अजून आहेत. फोटो चर्चचा काढा, पण दोन मिनिटं तळ्याकाठी बसाच.