सॅमन माशांच्या गावी

हल्ली मुंबईत रावसाच्या तुकड्यांवर ‘इंडियन सॅमन’ अशी ऐटदार चिठ्ठी लावून ते विकतात. मी मूळची देवगडकडची. मासे ओळखण्यात कुणाला हार जाणार नाही, असा माझा तोरा. तरीसुद्धा रावस आणि सॅमन ही चुलत भावंडं असावीत, असं मी परवापरवापर्यंत समजत होते. हा गैरसमज दूर व्हायला मला थेट नॉर्वेत जावं लागलं. दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही!

माझी भाची ट्रॉन्डहाइमला इंजिनियर आहे. “मावशी, जूनमध्ये ये. इथे रात्रच होत नाही,” असं ती चार वर्षं म्हणत होती. शेवटी गेल्या जूनमध्ये निघाले. बॅगेत कोकमं, तिरफळं आणि मेतकूट घेतलं. पर्सच्या आतल्या कप्प्यात भावानं पाठवलेला एक कागद होता. त्या कागदाविषयी पुढे सांगेन.

एका शनिवारी सकाळी भाची म्हणाली, “चल, तुला सॅमनच्या गावी नेते.” आणि आम्ही मोटारीनं हित्रा बेटाकडे निघालो. हित्राला पूर्वी होडीनंच जावं लागे. १९९४ साली समुद्राच्या पोटातून साडेपाच किलोमीटरांहून लांब बोगदा झाला. तो पाण्याखाली २६४ मीटरपर्यंत उतरतो. तीन कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी त्यात बुडतील! मोटार उतरत होती, उतरतच होती. मी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली आणि ती संपायच्या आत वर उजेडात आलो. समोर पाइनची झाडं, खडक, आणि रस्त्याकडेला निवांत चरणारी तांबूस हरणं.

याच हित्रावर १९७० साली सीवर्ट आणि ओवे ग्रोन्टवेट या दोघा भावांनी एक अष्टकोनी पिंजरा समुद्रात तरंगत ठेवला आणि त्यात सॅमनची वीस हजार पिल्लं सोडली. पुढल्याच वर्षी मासे विक्रीला तयार झाले. सॅमन समुद्रात पाळता येतो आणि त्यावर पोटही भरता येतं, हे या प्रयोगानं किनाऱ्याला पटवून दिलं. १९८० साली नॉर्वेत असा सॅमन चार हजार टनांच्या आसपास निघे. आज पंधरा लाख टनांच्या घरात निघतो. तेल आणि वायूच्या खालोखाल या देशाला पैसा मिळवून देणाऱ्या मोठ्या मालांत आता मासळी आहे, आणि त्या मासळीत सिंहाचा वाटा सॅमनचा.

हित्रा ओलांडून दुसऱ्या बोगद्यानं आम्ही फ्रोया बेटावर आलो. इथे झाडं जवळजवळ नाहीत. सगळीकडे खुरटी झुडपं, वारा आणि पाणी. भाचीच्या मैत्रिणीची आजी इथे राहते. आमच्या स्वागताला ती दारात उभी होती. ऐंशी ओलांडलेली, ताठ, हात पुरुषासारखे रुंद. आपल्यासारखेच इथेही चपला-बूट दाराशी काढतात. ते पाहून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. कॉफी आली, गरम वॉफल आले, त्यावर तपकिरी रंगाचं गोडसर चीज आलं. भाची दुभाषी झाली आणि आमच्या गप्पा सुरू झाल्या.

पूर्वी या किनाऱ्यावरचा माणूस अर्धा कोळी, अर्धा शेतकरी असे. हिवाळ्यात पुरुष दूर उत्तरेला लोफोटनकडे कॉड पकडायला जात, ते महिनोन् महिने येत नसत. मागे गाय, मेंढ्या, गवत, मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळायची बाईनं. बाईनं होडीत पाऊल ठेवलं तर मासे मिळत नाहीत, असाही एक समज होता. समुद्र पुरुषांचा, किनारा बायकांचा, अशी सरळ वाटणी.

“मग पिंजरा आला,” आजी म्हणाल्या, “आणि समुद्रच घराशी आला.”

हित्राच्या भावांचं पाहून यांच्या यजमानांनीही लाकडाचा पिंजरा ठोकला, घरासमोरच्या खाडीत सोडला. घरातून हाक मारावी इतक्या अंतरावर मासे! तेव्हा त्यांना खाऊ घालणार कोण? यजमान मासेमारीला जात. आजीच दिवसातून तीन-चार वेळा वल्ह्याची होडी घेऊन जात. बारीक मासे आणि कोळंबीची टरफलं यंत्रातून दळून त्याचा लगदा करायचा आणि खोऱ्यानं पाण्यावर फेकायचा. पाणी उकळल्यासारखं होई. ती उकळी मंदावली की हात थांबवायचा. जास्त टाकलं तर पैसा तळाला जातो, कमी टाकलं तर मासा वाढत नाही. हे कुणी शिकवलं नव्हतं. “कोंबड्यांना दाणे टाकताना जे कळतं तेच,” असं त्या हसत म्हणाल्या. माशांच्या या पालनाला नॉर्वेजियन भाषेत जो शब्द आहे, तो मुलांना वाढवण्याच्या शब्दाचाच भाऊबंद आहे, असं भाचीनं मला सांगितलं.

१९७३ पासून पिंजरा ठेवायला सरकारी परवाना लागू लागला. धंदा किनाऱ्यावरच्या कुटुंबांकडेच राहावा, चार बड्यांच्या घशात जाऊ नये, असं सरकारचं धोरण होतं. यांच्याही घरी परवाना आला.

“कुणाच्या नावानं?” मी विचारलं.

भाचीनं प्रश्न सांगितला. आजी उठल्या आणि कपाटातून निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही घेऊन आल्या. रोजचं पाण्याचं तापमान, किती खाणं टाकलं, किती मासे मेले, किती विकले, बँकेचा हप्ता किती. वर्षामागून वर्षं, एकाच वळणाचं बारीक अक्षर.

“परवान्यावर त्याचं नाव,” त्या म्हणाल्या, “आणि वहीत माझं अक्षर.”

त्यात तक्रारीचा सूर नव्हता. पण ती वही इतकी वर्षं त्यांनी जपून ठेवली होती, हेही खरं.

वहीतली काही पानं वाचवत नाहीत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस थंडीच्या दिवसांत माशांना एक रोग होऊ लागला. पहिल्यांदा या भागात गाजला म्हणून त्याला ‘हित्रा रोग’ असंच नाव पडलं. आजी सकाळी जाळीनं मेलेले मासे काढत आणि आकडा वहीत लिहीत. मग खाण्यात औषधं मिसळणं सुरू झालं. १९८७ साली साऱ्या देशात माशांना जवळजवळ पन्नास टन जीवाणुनाशक औषध घातलं गेलं. पुढे लस निघाली. समुद्रात जाण्यापूर्वी प्रत्येक पिल्लाच्या पोटात सुई टोचायची! हातानं एकेक मासा धरून टोचण्याचं ते काम गावातल्या कितीतरी बायकांनी केलं. आजीही गेल्या होत्या. आज सॅमन तेव्हाच्या कित्येक पट निघतो, पण औषध वर्षाला एक टनसुद्धा लागत नाही. लसीचा शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण थंडीत बोटं बधिर होईपर्यंत सुया टोचणाऱ्या बायका कुठल्या पुस्तकात सापडायच्या?

रोगातून वाचले ते भावानं मारले. मासा इतका झाला की गिऱ्हाईक पुरेना. गोठवून ठेवलेल्या सॅमनचे ढीग साचले आणि १९९१ साली सगळ्यांचा मासा विकणारा संघच दिवाळखोरीत निघाला. त्याच वर्षी मालकीचे नियमही सैल झाले. छोटी घरं एकामागून एक विकली गेली, कंपन्या मोठ्या झाल्या. यांनीही परवाना विकला. कर्ज फिटलं. कागदावर सही यजमानांनी केली. आजी त्या दिवशी नेहमीच्या वेळी खोरं घेऊन धक्क्यावर गेल्या आणि तशाच परत आल्या. हे सांगताना मात्र त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

दुपारी नात आली. ती माशांची डॉक्टर. तिच्याबरोबर आम्ही आधी किनाऱ्यावरच्या एका खोलीत गेलो. भिंतभर पडदे, पडद्यांवर पाण्याखालचे मासे. पलीकडच्या खुर्चीवर एक तरुण मुलगी बसलेली. तिच्या बोटाच्या इशाऱ्यानं नळ्यांतून खाण्याच्या गोळ्या दूरच्या पिंजऱ्यात जात होत्या. सॅमनच्या खर्चात निम्मा खर्च खाण्याचा, म्हणून ही खुर्ची मोलाची. मासे सुस्तावले तशी तिनं गोळ्या थांबवल्या. आजीची खूण तीच, फक्त खोऱ्याच्या जागी कळ आली!

मग होडीनं पिंजऱ्यापाशी. दीडशे मीटरांहून अधिक घेर असलेलं काळं कडं, आत खोल जाळं. एका पिंजऱ्यात दोन लाखांपर्यंत मासे ठेवता येतात. नातीनं काही मासे काढून गुंगीच्या पाण्यात ठेवले आणि त्यांच्या अंगावरच्या उवा मोजू लागली. हो, माशालाही उवा होतात! माशामागे प्रौढ मादी उवांची सरासरी अर्ध्यावर गेली तर चालत नाही, असा कायदा आहे. या उवा घालवण्यासाठी कोमट पाण्यात मासे बुडवतात, फवारे मारतात, आणि त्या उपचारांनीच पुष्कळ मासे दगावतात. २०२३ साली समुद्रातल्या पिंजऱ्यांत सहा कोटींहून अधिक सॅमन मेले. शिवाय पिंजऱ्यातून निसटलेले मासे नद्यांत शिरून रानटी सॅमनचा वंश बिघडवतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तर रानटी सॅमन इतके थोडे परतले, की सरकारनं ३३ नद्यांत मासेमारी थांबवली. “आम्ही यातलं काही लपवत नाही,” नात म्हणाली. “मोजणं हेच माझं काम.” मला तिच्या आजीची वही आठवली.

परतताना मासे कापण्याच्या कारखान्यावरून गेलो. पाळी सुटली होती. बाहेर पडणाऱ्या बायका पोलिश, लिथुआनियन बोलत होत्या. २००४ नंतर त्या देशांतून इथे पुष्कळ माणसं आली. या बायकाही आपापल्या गावी मुलं आजीपाशी ठेवून आलेल्या असतील. आपले चाकरमानी मुंबईला जात, तसंच हे. फक्त इथे निघाली आहे ती बाई.

या देशात मोठ्या सार्वजनिक कंपन्यांच्या संचालक मंडळावर चाळीस टक्के बायका हव्यात, असा कायदा २००३ सालीच झाला. सॅमन-शेती करणाऱ्या घराण्यातल्या लिस्बेत बर्ग-हान्सेन २००९ ते २०१३ मत्स्यमंत्री होत्या. तरी पिंजऱ्यांवरच्या कामात आजही पाचांत जेमतेम एक बाई. वाट मोकळी झाली, पण चालायची बरीच शिल्लक आहे.

त्या रात्री, म्हणजे घड्याळात रात्र, बाहेर लख्ख उजेड असताना, मी भाचीकडे सॅमनची आमटी केली. मासा तेलकट, पण कोकमानं त्याला ताळ्यावर आणलं. जेवण झाल्यावर पर्समधला कागद काढला. ते हक्कसोडपत्र होतं. भाऊ माझा सज्जन. आईवडिलांचं म्हातारपण त्यानंच काढलं. “तुला काय करायचीय गावची जमीन? सही करून टाक,” असं त्यानं सहज लिहिलं होतं आणि मीही सहजच करणार होते.

पण डोळ्यांपुढे आई आली. वडील मुंबईला नोकरीत, महिन्याला मनीऑर्डर. नांगऱ्याला बोलावणं, लावणी, झोडणी, गुरं, सारं आईकडे. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला ती भाताचा हिशेब लिही. सातबाऱ्यावर नावं वडिलांची आणि काकांची. तिचं नाव कधीच नव्हतं. आणि ती कॅलेंडरं आम्ही रद्दीत घातली.

मी भावाला फोन लावला. म्हटलं, “सही करत नाही रे. मला जमिनीचा तुकडा तोडून नकोय, तू नेहमीसारखाच कसत राहा. पण आईनं जिथे चाळीस वर्षं चिखल तुडवला, तिथे तिच्या लेकीचं नाव राहू दे.”

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मला वाटलं, फोन तुटला.

“बरं,” तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, “तिकडे पाऊस आहे का?”

“नाही. ऊन आहे,” मी म्हटलं. रात्रीचे अकरा वाजले होते.