हाताला येणारा निरोप

कोल्हापूर,
श्रावण

चि. सोन्यास,


तुझं पत्र पोचलं. फोनवर दोन मिनिटांत विचारता आलं असतं, तरी तू बसून चार पानं लिहिलीस, याचं मला फार अप्रूप वाटलं. पहिल्या बोनसमधून परदेशी कारागिराकडून खास आपल्या मापाचा पूल क्यू बनवून घ्यायचं तुझ्या मनात आहे. ‘मामा, क्यूचे दोन भाग जोडायला लाकडाला लाकूड भिडणारा जॉइंट घेऊ की स्टीलचा? हाताला कुठला गोड लागतो?’ असं विचारलंयस. योगायोग बघ, गेला महिनाभर मी याच प्रश्नाच्या मागे आहे. तेव्हा उत्तर लांबणार.

माझं आयुष्य उद्यमनगरात लेथपुढं गेलं. टूल जॉबला नीट लागलाय की नुसता घासतोय, हे डोळ्यांच्या आधी हँडलवरच्या बोटांना कळतं. त्यामुळे ‘फील’ म्हणजे सगळे मनाचे खेळ, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. हाताला कळतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. हाताला नेमकं काय कळतं आणि कधी कळतं, एवढंच शोधायचं होतं.

सध्या इथं पाऊस धरून बसलाय. दुपारी आपला स्नूकरचा हॉल रिकामा असतो. कापड ओलसर, बॉल जड चालतात, चॉकही नीट धरत नाही. पण सगळ्या क्यूंना सारखाच त्रास, म्हणून हरकत नव्हती. हॉलवर येणाऱ्या पोरांकडून तीन पूल क्यू मागून घेतले. एक स्टील जॉइंटचा, एक लाकडाला लाकूड भिडणारा, दोघांचेही शाफ्ट, म्हणजे पुढचे निमुळते भाग, मेपलचे. तिसरा काळा कुळकुळीत, कार्बन फायबरच्या शाफ्टचा. चौथा माझा स्नूकरचा जुना अॅश, ज्याला लहानपणी तू ‘मामाची काठी’ म्हणायचास.

पहिल्या दिवशी नुसतं खेळलो. एकाच जागेवरून एकच शॉट, प्रत्येक क्यूने वीस वेळा. स्टीलवाल्याचा आवाज टणक, हाताला लगेच टोचल्यासारखा. लाकूडवाला मऊ, बॉल जरा जास्त वेळ टिपेला चिकटून राहिल्यासारखा वाटायचा. कार्बनचा पोकळ ‘टक्’, सवय नसेल तर परका वाटणारा. त्या संध्याकाळी मी हॉलवरच्या मार्करला छातीठोकपणे सांगितलं, लाकडाचा जॉइंट तो लाकडाचा जॉइंट, दुसरं काही घेऊच नये. तुझं पत्र त्या दिवशी आलं असतं, तर मी तेच लिहून मोकळा झालो असतो.

मार्कर मुरलेला माणूस. कितीतरी वर्षं टेबलांची कापडं त्यानेच ताणली, टिपा त्यानेच लावल्या. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही मेपलच्या क्यूंचे जॉइंट आणि मुठी सारख्या चिकटपट्टीने गुंडाळून ठेवल्या होत्या, आणि हातात कापसाचे दोन बोळे. म्हणाला, ‘कानात घाला, आणि मी देतो त्या क्यूने मारून सांगा कुठला ते.’

आधी कान उघडे ठेवून मारलं. दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखलं. मग बोळे घातले. दहापैकी पाच. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते! ज्याला मी हाताचं ज्ञान समजत होतो, त्यातलं बरंच कानाचं निघालं. बॉलचा आवाज आणि मनगटातला धक्का मेंदू एकत्र कालवतो, आणि आपण त्या सगळ्याला ‘हाताला लागलं’ म्हणतो.

पण मार्करचं अजून संपलं नव्हतं. रात्री त्याने दोघांच्या टिपा बदलल्या. लाकूडवाल्याला कडक टिप, स्टीलवाल्याला मऊ. सोन्या, मी कान उघडे असताना लाकूडवाल्याला स्टील म्हणालो! एकदा नव्हे, लागोपाठ चार वेळा. जॉइंटचा म्हणून जो गोडवा मी सांगत होतो, तो टिपेच्या त्या टिकलीएवढ्या कातड्याचा होता.

हे मला आधी कसं सुचलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. तुझ्या आईसाठी तंबोरा आणायला आम्ही मिरजेला गेलो होतो, तेव्हा तू फार लहान होतास. भोपळा बघितला, दांडी बघितली, नक्षी बघितली. मग कारागिराने घोडीवर जवारी काढायला घेतली. कानशीचे दोन हात मारायचा, तार छेडायचा, पुन्हा कानस. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवला, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी तो तंबोरा असा बोलू लागला की तुझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा थोरला भोपळा, एवढी लांब दांडी, आणि सूर ठरला तार घोडीला टेकते त्या जागी. क्यूमध्ये ती जागा म्हणजे टिप. दोन वस्तू जिथं एकमेकींना भिडतात, तिथं आधी बघावं. मी तर आयुष्यभर मशीनवर हेच करत आलो.

आता कधी कळतं ते. टिप आणि बॉल एकमेकांना टेकलेले असतात तो वेळ साधारण एक सेकंदाचा हजारावा भाग. बोटांपासून मेंदूपर्यंत निरोप पोचायलाच त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे तुला काही जाणवेपर्यंत बॉल सुटून गेलेला असतो. मऊ क्यूने ‘बॉल धरून ठेवला आणि मी वळवला’ असं पोरं म्हणतात. तसा वेळच कोणाला मिळत नाही. मारून झालेला शॉट फीलमुळे सुधारता येत नाही. झाल्या शॉटचा तो निरोप असतो, पुढच्या शॉटच्या कामाचा.

आणि कामाचा म्हणजे फारच कामाचा. मी सरळ मारायला गेलो की नकळत पांढऱ्या बॉलला उजवी साइड, म्हणजे बाजूची फिरकी, लागते, ही माझी जुनी खोड. माझ्या अॅशवर तसं झालं की करंगळीशेजारच्या बोटात एक बारीक झिणझिणी येते. बघायला गेलं तर पांढऱ्यावरचा चॉकचा ठिपका मध्यापासून तांदळाएवढा बाजूला असतो. मऊ टिपेच्या क्यूवर तीच चूक केली, तर हाताला काहीच लागलं नाही. गोड वाटलं. ठिपका मात्र तितकाच बाजूला. म्हणून आता कोणी मला ‘गोड’ क्यू दाखवला की मी सावध होतो. चुगली करणारा क्यू बरा.

क्यूच्या नावाचंही असंच आहे. अमेरिकेत जॉर्ज बालाबुश्का नावाचा कारागीर होऊन गेला, मूळचा रशियातला. १९५९ पासून १९७५ मध्ये वारला तोवर क्यू बनवत राहिला. स्टीलचा जॉइंट आणि मुठीला आयरिश लिननचा दोरा ही त्याच्या क्यूंची ओळख. आज ते शौकिनांच्या कपाटात असतात. १९८६ च्या ‘द कलर ऑफ मनी’ मध्ये पॉल न्यूमन टॉम क्रूझला बालाबुश्का म्हणून जो क्यू देतो, तो प्रत्यक्षात दुसऱ्या कंपनीने तसा दिसावा म्हणून केलेला होता. जगभर लोकांनी तो बघून बालाबुश्काचं वेड घेतलं. बालाबुश्काच्या हातात जादू होती हे मी मानतो, कारण जुने खेळाडू ते उगीच सांगत नाहीत. पण ती जादू चांगलं वाळवलेलं लाकूड निवडण्यात आणि तंतोतंत जुळणीत होती, स्टीलच्या तुकड्यात नव्हती.

उलट बाजूला स्टीफन हेंड्री बघ. स्नूकरची सात जागतिक विजेतेपदं त्याने लहानपणापासूनच्या एका स्वस्तातल्या क्यूवर मिळवली. २००३ मध्ये विमानप्रवासात तो मोडला, तेव्हा साऱ्या स्नूकर जगाला हळहळ वाटली. दुकानात त्याच्याहून चांगले शंभर क्यू मिळाले असते. त्या एका क्यूचे निरोप मात्र त्याच्या हाताला तोंडपाठ होते.

तर मग सगळे क्यू सारखेच का? मुळीच नाही. एक फरक खरा आहे आणि तो मापता येतो. पांढऱ्याला उजवी साइड देऊन मारलं की तो सरळ न जाता थोडा डावीकडे निघतो. कारण बॉल फिरू लागताना टिपेला बाजूला ढकलतो आणि क्यूचं टोक जितकं जड, तितकं ते बॉललाच उलट सारतं. यात सगळा वाटा पुढच्या वीतभर लाकडाचा, मागचा जॉइंट आणि मूठ यांचा जवळपास काहीच नाही. म्हणून १९९४ मध्ये प्रेडेटर कंपनीने टोकाशी पोकळी ठेवून हलका केलेला शाफ्ट काढला आणि पूलची दुनिया बदलली. कार्बनचा शाफ्ट त्याच वाटेने पुढे गेला.

मी टेबलाच्या एका टोकाला चॉकची खूण करून मोजलं. लांबच्या शॉटला पूर्ण साइड देऊन साध्या मेपलने पांढरा जितका बाजूला सरकला, त्याच्या जवळजवळ निम्माच कार्बनने सरकला. टिप बदलून बघितली, तरी तेच. हा फरक कापसाच्या बोळ्यांनी पुसला गेला नाही. शिवाय कार्बन आपल्या पावसात वाकत नाही. माझा अॅश मी एका जुलैत भिंतीला टेकवून ठेवला होता, तेव्हापासून टेबलावर लोटला की किंचित उड्या मारतो. लाकूड घेणार असशील तर तो कधीही तिरका उभा करायचा नाही, आडवा पेटीत ठेवायचा.

मात्र टोक हलकं म्हणजे आपोआप चांगलं, असंही धरून बसू नकोस. ज्याने दहा वर्षं साध्या मेपलचं सरकणं हिशोबात धरून नेम घेतला, तो कार्बन हातात घेतल्यावर महिनाभर दुसऱ्या बाजूला चुकतो. तू मागच्या दिवाळीत माझ्यासमोर खेळलास तेव्हा साइड फार कमी वापरत होतास. म्हणजे सरकणं हिशोबात धरायची सवय तुला अजून लागलेली नाही. तुझ्यासारख्याला हलक्या टोकाचा फायदा लगेच होईल.

जॉइंटबद्दल मात्र एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण ती माझ्या धंद्यातली. स्टीलवाला क्यू जोडून हातात घेतला, बुडावर बोटाने टिचकी मारली, तर आत बारीक किणकिण. पोरगा म्हणाला, स्टील आहे, तसंच वाजतं. मी तो माझ्या लेथवर नेला, मुठीकडचा भाग चकमध्ये मऊ कॉलर घालून धरला, जॉइंटच्या तोंडाला डायल गेज लावला आणि हाताने फिरवला. काटा तीन थाव, म्हणजे इंचाचे तीन हजारावे भाग, हलला. तोंड वाकडं होतं, दोन भाग एका कडेलाच टेकत होते. अगदी हलकी एक फेसिंग घेतली, दोन्ही तोंडं सपाट बसली, किणकिण गेली. ज्या विक्रेत्याने तो क्यू मोठी किंमत लावून दिला, त्याने हे बघायला हवं होतं. जॉइंट लाकडाचा असो, स्टीलचा असो, तोंडाला तोंड पूर्ण बसलं पाहिजे. पोरांना ज्या स्टीलचा कंटाळा येतो, ते पुष्कळदा नीट न बसलेलं स्टील असतं.

आता तुझ्या पैशांचं. खास बनवून घेतलेल्या क्यूचा खरा उपयोग नक्षीत नाही, मापात आहे. तू माझ्याहून चार इंच उंच, हात लांब. बाजारचा ५८ इंचांचा क्यू धरलास की तुझी मूठ अगदी बुडाशी जाते आणि शेवटी कोपर वर उचलतं. कारागिराला इंचदोन इंच लांबी वाढवून माग. वजन १९ औंसांच्या आसपास ठेव. तोल कुठं यावा ते एका बोटावर क्यू आडवा धरून ठरव, पुढे जड नको. हस्तिदंती दिसणाऱ्या टिकल्या, शिंपल्याची फुलं यांच्यावर एक रुपयाही घालू नकोस. ते पैसे दोन शाफ्ट घेण्यात घाल.

आणि हे सगळं करायच्या आधी आता हातात आहे त्याच क्यूची टिप बदल. तुझी टिप मी बघितलीय, कडा पसरून छत्रीसारखी झालीय आणि वर आरशासारखी चकाकते. पुण्यात चांगल्या मार्करकडून मध्यम कडकपणाची लावून घे. कडा फेरूलला, म्हणजे टिपेखालच्या कड्याला, बरोबर येऊ देत, वरची गोलाई रुपयाच्या नाण्याच्या कडेइतकी. मग महिनाभर त्याच क्यूने खेळ आणि रोज पाच मिनिटं कानात कापूस घालून खेळ. तुझ्या हाताला काय कळतं हे तुला ऐकू येऊ लागेल. तेव्हा मला पुन्हा लिही. मग आपण दोघं मिळून कारागिराला मापं कळवू.

तुझी आई तंबोरा रोज काढते की नाही ते कळव. पावसात जवारी उतरली असेल, दोरा बदलायला सांग.

दिवाळीला येताना क्यू घेऊन ये. एसटीच्या टपावर टाकू नकोस, मांडीवर धरून आण.

तुझा,
मामा