घर कोणत्या गावी घ्यावे?

घर पाहावे बांधून, अशी आपली जुनी म्हण आहे. ते घर कोठे बांधावे याविषयी मात्र म्हणीने एक अक्षरही काढलेले नाही. म्हण रचणाऱ्याला तो प्रश्न पडलाच नसावा. वडिलांचे गाव तेच आपले गाव. जोते कोठवर घालायचे एवढाच काय तो वाद, आणि तोही भाऊबंदांशी, चार हातांच्या बोळासाठी. आज गोष्ट उलटी झाली आहे. बांधण्याची दगदग बिल्डर नावाच्या गृहस्थाने आपल्या अंगावर घेतली, आणि तिच्या बदल्यात एक नवी दगदग आपल्या पदरी टाकली. वीस वर्षांच्या हप्त्यांचे जोखड मानेवर घ्यावयाचे ते कोणत्या शहरासाठी?

आम्ही बेळगुंदीचे. बेळगावच्या पश्चिमेस, महाराष्ट्राच्या हद्दीजवळचे हे गाव. रताळ्याची शेते, पावसाळ्यात आठवडा आठवडा न उघडणारे आभाळ, आणि शेजारी राकसकोपचा तलाव, ज्याचे पाणी बेळगाव शहर पिते. पाणी शहराकडे जाते, त्यामागोमाग पोरेही जातात. आम्ही बेळगावच्या कोर्टात वकिली करतो, त्यामुळे घर घेणारा प्रत्येक गाववाला कागद दाखवावयास आमच्याकडे येतो. कागदाचा प्रश्न संपला, की चहाचा पेला खाली ठेवता ठेवता तो दुसरा प्रश्न विचारतो : "घ्यायचे तर कुठे घ्यायचे, वकीलसाहेब?" या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कायद्यात नाही, आणि त्याची फी मागण्याचे धाडस आम्हांस आजवर झालेले नाही. तथापि विचार करावा लागला, तो येथे मांडतो.

आमच्या भागातल्या माणसापुढे शहरे येतात ती साधारणपणे पाच : पुणे, कोल्हापूर, बंगळूर, गोव्यातले एखादे, आणि आमचे बेळगाव.

पुण्याची बाजू सर्वांत बळकट, कारण नोकरी तेथे आहे. कायदाही तेथे घेणाऱ्याच्या बाजूने बराच जागा आहे. सदनिकांविषयीचा महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा. त्यावर २०१६ चा रेरा आला. नोंदणीकृत करार केल्यावाचून बिल्डरने दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के त्या बांधकामाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावेत, असे तो सांगतो. तरीही इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे करून देण्याचे काम वर्षानुवर्षे लोंबकळते; ते लोंबकळते म्हणूनच २००८ मध्ये कायद्याला 'मानीव अभिहस्तांतरण' हा अवजड शब्द शोधावा लागला. बिल्डर करून देत नसेल, तर ते झाले असे मानून घेण्याची ही सोय. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आमचा तरुण "पुण्यात घर घेतले" असे म्हणतो, तेव्हा ते वाघोलीस असते किंवा रावेतला असते. पुणे हे त्याच्या पत्त्याच्या शेवटच्या ओळीत असते. नळाला येणारे पाणी कोणाचे, आणि टँकर आठवड्यातून किती वेळा येतो, हे पहिल्या ओळीत असते.

कोल्हापूर बोलीने, जेवणाने आणि रागानेही आम्हांस जवळचे. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये तेथे सुरू झाले, त्यामुळे आमच्या व्यवसायबंधूंस ते अधिकच प्रिय झाले आहे. परंतु शहाण्याने उच्च न्यायालय जवळ आहे म्हणून घर घेऊ नये. तेथे पाहावयाची वस्तू पंचगंगा. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी तिने आपली हद्द कोणती हे लोकांस दाखवून दिले. पूररेषेचा नकाशा मागावा, आणि त्याहीपेक्षा गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारावे की पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते. सातबाऱ्यावर ही नोंद नसते. बेळगावकरांनीही फार ताठ मानेने बोलू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये मार्कंडेय नदी आणि बळ्ळारी नाला यांनी आमच्याकडेही पुष्कळांची दारे ठोठावली होती.

गोव्याचे नाव निघाले की या मासिकाच्या निम्म्या वाचकांचे कान टवकारतील. चोर्ला घाट उतरला की गोवा; आमच्या गावची कितीतरी मुले तेथे कामास आहेत. परंतु घर घेताना गोव्याचा कायदा हा वेगळाच पाहुणा आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची छाप तेथल्या कुटुंबाच्या आणि वारशाच्या कायद्यावर आजही आहे. नवराबायकोची मालमत्ता सामान्यतः दोघांची समाईक. म्हणून विकणाऱ्याच्या शेजारी त्याच्या पत्नीची सही पाहिजे, आणि वारस असतील तर त्यांच्याही पतिपत्नींची. एक-चौदाचा उतारा निर्मळ दिसला, तरी घरात मुंडकार आहे काय हे विचारावे लागते, कारण १९७५ च्या कायद्याने त्याच्या डोईवरचे छप्पर राखले आहे. आमच्या मते हा कायदा माणसाला शोभेसा आहे. घाई असलेल्या गिऱ्हाइकाला तो शोभत नाही. उलट गोव्याची माणसे बेळगावात घर पाहावयास येतात. मडगावचे एक वृद्ध गृहस्थ आम्हांस म्हणाले, "वकीलबाब, घर खंय घेवचें तें सांगात." म्हणजे प्रश्न घाटाच्या दोन्ही बाजूंस एकच आहे.

बंगळूरविषयी आम्ही थोडेच बोलू. तेथे जाणारा तरुण पगारासाठी जातो, आणि ए-खाता व बी-खाता यांतला फरक कळेपर्यंत बहुधा त्याने इसारा देऊन टाकलेला असतो.

उरले बेळगाव. आमच्या शहराचा एक गुण असा, की येथले घर जागचे हलत नाही, पण राज्य हलते. १९४८ पर्यंत बेळगावातून शहापुरात राहावयास जाणारा मनुष्य मुंबई इलाख्यातून सांगली संस्थानात जात असे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आम्ही मुंबई राज्यात होतो. त्या दिवशी म्हैसूर राज्यात गेलो. १९७३ मध्ये त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले. टिळकवाडीतल्या एखाद्या जुन्या घराने हे सारे एकाच कौलाखाली बसून पाहिले आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमेचा दावा अद्याप निकालात निघालेला नाही, आणि म्हणून आम्हांस गंभीरपणे विचारले जाते, "निकाल लागेपर्यंत थांबू काय?" आमचे उत्तर ठरलेले आहे. सीमा बदलल्याने खरेदीखत बुडत नाही. १९४८ चे आणि १९५६ चे फेरफार झाले, तेव्हा कोणाच्या घराची मालकी गेली नाही. बदलला तो कचेरीतला शिक्का. न्यायालयाच्या निकालासाठी ज्याला थांबावयाचे आहे त्याने खुशाल थांबावे. भाडे मात्र थांबत नाही.

बेळगावात भीती आहे ती दुसऱ्याच कागदाची. शहराभोवतीच्या शेतजमिनी बिनशेती न करता दोन-दोन गुंठ्यांनी तुकडे पाडून विकल्या गेल्या, आणि खरेदी झाली ती बाँडपेपरवर. विकणाऱ्याने सही केली, साक्षीदारांनी अंगठे दिले, पेढे वाटले. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपयांच्या वरची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत खतावाचून विकलीच जात नाही. नुसता करार आणि मुखत्यारपत्र यांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लँपच्या खटल्यात पुन्हा एकदा स्वच्छ सांगितले. स्वस्त जागा म्हणून आयुष्याची पुंजी घातलेली माणसे तो बाँड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आमच्यापुढे ठेवतात. त्यांस खरे सांगणे हे आमच्या धंद्यातले सर्वांत कठीण काम. रेरासुद्धा त्यांच्या उपयोगी पडत नाही. आणि ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका असलेली लहान बांधकामे त्याच्या नोंदणीतून सुटतात. लहान शहरांत बरीचशी बांधकामे लहानच असतात.

आणि मग येतो तो आमच्या सीमाभागाचा खास पेच. बेळगावात शेजारी आपला, दूधवाला आपला, गणपतीची वर्गणी मागणारी मुले आपली. पण उतारा, कराची पावती, नोंदणीचा दस्त हे सारे कन्नड. पुण्यात हा सगळा कागद मराठी. पण जिन्यात भेटणारा मनुष्य कोण, हे दोन वर्षांनीही ठाऊक नसते. माणसे आपली असतात तेथे कागद परका, आणि कागद आपला असतो तेथे माणसे परकी. घर घेणाऱ्याला यांतून एक निवडावे लागते. जो मनुष्य स्वतःच्या खरेदीखतातली एक ओळ वाचू शकत नाही आणि दुसऱ्याच्या वाचनावर विसंबून सही करतो, त्याच्या मनात जे होते ते आम्ही समोर बसून अनेकदा पाहिले आहे. त्यास भाषेचा अभिमान म्हणून हसू नये. ते भय आहे, आणि रास्त भय आहे.

गेल्या काही वर्षांत या पेचाचा एक खटलाच आमच्यापुढे चालला. गावातले एक वयस्क शेतकरी मुलाला घेऊन आले. म्हणाले, "वकीलसाहेब, पोरगं पुण्यात घर घ्यायलाय म्हणायलाय. तुमी सांगा की वो त्याला, बेळगाव काय वाईट हाय?" मुलगा अभियंता, बायको पुण्यातच नोकरीस, मूल पहिलीत जावयाचे. तो शांतपणे म्हणाला, "काका, बाबांना उताऱ्यावर स्वतःचं नाव कुठं आहे ते बोट लावून दाखवावं लागतं. माझ्या मुलानं तसं करू नये."

यावर बाप काही बोलला नाही. आम्हांसही पटकन बोलता आले नाही. राज्यघटनेच्या ३५०-अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे सांगितले आहे, आणि गावात मराठी शाळा आहे; पण त्या मुलाचे दुःख शाळेचे नव्हते. बापाने आयुष्यभर दुसऱ्याच्या डोळ्यांनी आपली जमीन वाचली, हे ते दुःख होते.

आम्ही त्यास एवढेच दाखवले. आमच्या समोर एक कन्नड उतारा होता. तो आम्ही मोठ्याने वाचला. खाते, खरीदी, हक्क, जमीन, तकरार, जप्ती, वहिवाट. ऐकता ऐकता बापाने मान वर केली, कारण प्रत्येक शब्द त्याच्या ओळखीचा होता. कन्नड कचेरीत उताऱ्याला उतारच म्हणतात. शतकानुशतके एकाच मातीवर नांगर चालवणाऱ्या दोन भाषांनी जमिनीचे शब्द वाटून घेतले आहेत. परके आहे ते अक्षर. आमच्या पिढीस शाळेत कन्नड होते ते परीक्षेपुरते. कोर्टात ते पोटापुरते झाले. अक्षर शिकावयास एक पावसाळा पुरतो. भाषेचा हक्क मागणे आणि शेजारची लिपी वाचता येणे यांत आम्हांस काही विरोध दिसत नाही. वाचता येणाराच हक्क नीट मागू शकतो.

मुलाने अखेर घर पुण्यातच घेतले. बायकोची नोकरी हे कारण खरे होते आणि आम्ही त्याचे कागद तपासून दिले. वास्तुशांतीला बाप गेला होता. आल्यावर आम्ही विचारले, घर कसे आहे? तो म्हणाला, "घर ब्येस हाय. पाणी इकत आणत्यात." ज्याच्या शिवारालगतच्या तलावावर एक शहर पोसले जाते त्याला ही गोष्ट केवढी चमत्कारिक वाटली असेल! मात्र परत येताच त्याने धाकट्या नातीकडून कन्नड अक्षरे गिरवून घ्यावयास आरंभ केला, आणि आता तो स्वतःचा उतारा अडखळत का होईना, वाचतो. मुलाला जे जाचत होते त्याचा निकाल बापाने घर न बदलता लावला.

तेव्हा आमचे मत काय, असे वाचक विचारतील. ते असे. पहिले घर घेणाऱ्याने भाव वाढेल काय हे शेवटी पाहावे. प्रथम पाणी पाहावे, कारण ते विकत घेऊन आयुष्य काढता येत नाही. मग कागद पाहावा. नोंदणीकृत खत, बिनशेतीचा हुकूम आणि मागील तीस वर्षांचा बोजाचा दाखला नसेल, तर शहर कितीही चांगले असो, ते आपले नव्हे. आणि ही दोन्ही जुळत असतील, तर रात्री दोन वाजता घरात कोणी आजारी पडले असता आपण कोणाचे दार ठोठावू, हे स्वतःस विचारावे. ज्या शहरात या प्रश्नाचे उत्तर एका नावाने देता येते, तेथे घर घ्यावे. ज्यास पोटासाठी दूर राहणे भाग आहे, त्याने तेथे घेतलेल्या घराच्या जिन्यात अशी दोन नावे लवकर मिळवावीत. परके अक्षर शिकता येते, परका कायदा वकिलाकडून समजून घेता येतो. पण दार उघडणारा शेजारी तयार व्हावयास फार वर्षे लागतात, आणि बँक त्यासाठी कर्ज देत नाही.