फॉरेनचा खाऊ

आमच्या घाटकोपरच्या वस्तीतला कुणी आखातात कामाला गेला, की त्याच्या घरच्यांपेक्षा गल्लीतली पोरेच त्याच्या परतीचे दिवस जास्त मोजतात. कारण एकच, चॉकलेट. माझे दाजी वेल्डर. दोन वर्षांच्या करारावर ते दोह्याला गेले तेव्हा माझी भाची दुसरीत होती. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांचा फोन यायचा आणि दर शुक्रवारी तेच वचन मिळायचे, "येताना तुला बॅग भरून चॉकलेट आणतो." भाचीने ते शाळेत, शिकवणीत, नळावर, सगळीकडे सांगून ठेवले होते.

दाजी तेराव्या महिन्यातच परत आले. हातात एक बॅग, तिच्यात कामाचे बूट आणि दोन शर्ट. एजंटाने सांगितलेले काम वेगळे होते, तिथे गेल्यावर दिलेले काम वेगळे. शेवटच्या चार महिन्यांचा पगार मालकाने दिलाच नाही. एजंटाला द्यायला सव्वा लाख व्याजाने काढले होते, ते तसेच डोक्यावर. रात्री एक वाजता माणूस घरी आला तेव्हा पोरगी झोपली होती. सकाळी तिने पहिला प्रश्न विचारला तो बॅगेचा. बहिणीच्या तोंडून निघून गेले, "बॅग मागून येते आहे, कार्गोने."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बहीण माझ्याकडे आली. म्हणाली, "दादा, फॉरेनच्या खाऊची एक टोपली बनवून दे. कार्गो आला म्हणून सांगू. हे तर घराबाहेर पडत नाहीत. पोरीकडे मान वर करून बघत नाहीत." मी बरे म्हणालो. मी पडलो कारकून, दिवसभर दुसऱ्यांचे आकडे जुळवणारा. बहिणीचे घर जुळत असेल तर एक खोटी नोंद करायला काय हरकत आहे, असे त्या वेळी वाटले.

शनिवारी अर्ध्या दिवसानंतर सीएसएमटीला उतरून चालत क्रॉफर्ड मार्केटला गेलो. १८६९ सालची ही इमारत. तिचे आजचे अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई, पण टॅक्सीवाल्याला ते सांगितले तर तो दोनदा विचारतो. दरवाजावर दगडात शेतकरी, कष्टकरी कोरलेले आहेत, लॉकवुड किपलिंग यांच्या आखणीचे. आत मात्र परदेशी खाऊचे डबे छताला टेकलेले. आम्ही लहान होतो तेव्हा आम्हाला रावळगावच्या गोळ्या आणि पार्लेचे किसमी माहीत. फॉरेनचे चॉकलेट कुणाच्या तरी बॅगेतून यायचे आणि अर्धा तुकडा वाट्याला यायचा. १ एप्रिल २००१ ला सरकारने उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे आयातीचे निर्बंध उठवले आणि हळूहळू बाहेरचा माल उघड्यावर मांडला जाऊ लागला. पैसे असले की झाले. आता दोह्याला जावे लागत नाही.

वाचकहो, असा खाऊ घेताना काय बघायचे ते सांगतो, कारण मीही तिथेच शिकलो. बाहेरून आलेल्या पाकिटावर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि एफएसएसएआयचा क्रमांक हवा. तो नसेल तर वस्तू कितीही स्वस्त असो, लेकरासाठी घेऊ नये. कुठपर्यंत खाण्याजोगी आहे ती तारीख बघावी. स्वस्तात मिळणाऱ्या मालाची तारीख बहुधा संपत आलेली असते. काही चॉकलेटांच्या आत दारू भरलेली असते. दुकानदाराने तसली एक सुंदर पेटी पुढे केली, ती मी परत सारली. पाचवे शील रोज म्हणायचे आणि आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडात दारू घालायची, हे कसे चालेल? चॉकलेटमधले लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळते. म्हणून घरून स्टीलचा डबा नेला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून लोकलमधून आणला. वितळून पुन्हा घट्ट झाले की त्यावर पांढरट थर येतो. ती बुरशी नव्हे, पण चव जाते.

घरी येऊन सगळे जमिनीवर मांडले. तिकोनी टोब्लेरोन एक, लोण्याच्या बिस्किटांचा निळा डबा एक, किंडर जॉयची दोन अंडी, फळांच्या गोळ्यांचे एक पाकीट. एकूण ७३५ रुपये. वेताची करंडी, खाली पतंगाचा कागद, वरून लावायला जिलेटीन कागद. मग सवयीप्रमाणे एकेक लेबल वाचायला घेतले आणि तिथेच अडलो.

किंडर जॉयची कंपनी फेरेरो इटलीची, पण पाकिटावर कारखान्याचा पत्ता बारामतीचा. आपल्या पुणे जिल्ह्यातली बारामती! तिथे त्यांचा मोठा कारखाना आहे. स्वित्झर्लंडचे म्हणून मिरवणाऱ्या टोब्लेरोनचे काही उत्पादन स्लोव्हाकियात हलवायचे ठरले, म्हणून २०२३ पासून वेष्टनावरचा त्यांचा तो प्रसिद्ध डोंगर काढावा लागला. आणि कोको तर या दोन्ही देशांत पिकत नाही. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या आफ्रिकेतल्या दोन देशांतून येतो. तिथल्या बागांत लहान मुले कोयता घेऊन राबतात. २००१ साली बड्या कंपन्यांनी हे बंद करण्याच्या करारावर सह्या केल्या, अजून ते पुरते बंद झालेले नाही. म्हणजे वेष्टन एका देशाचे, घाम दुसऱ्याचा, नाव तिसऱ्याचे. आमच्या दाजींचेही तसेच झाले होते.

पण मी अडलो ते वेगळ्या कारणाने. भाची आता तिसरीत आहे. दुकानाच्या पाट्या मोठ्याने वाचत चालते. 'बारामती' ती पहिल्या दिवशी वाचणार. आज बाप रिकाम्या हाताने आला, एवढेच तिला कळेल. उद्या बाप खोटा आहे, असे कळेल. पहिले दुःख ती विसरेल, दुसरे विसरणार नाही. लेबले खरडून काढता आली असती. हातात ब्लेडही घेतले होते. मग माझीच मला लाज वाटली.

करंडी तशीच उघडी घेऊन दाजींकडे गेलो. बहिणीने मला सांगितलेले सगळे त्यांना सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दादा, मी कोणत्या तोंडाने देऊ?"

"ज्या तोंडाने वचन दिलं, त्याच तोंडाने."

"यात माझं काय आहे? पैसे तुमचे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते त्यांनीच शोधले. सोमवारी असल्फ्याच्या एका ग्रिलच्या कारखान्यात गेले, तीन दिवस रोजावर काम केले आणि गुरुवारी १४० रुपयांचे खजुराचे पाकीट घेऊन आले. "तिथं आम्ही खोलीवर हेच खायचो," म्हणाले. करंडीच्या मधोमध त्यांनी ते स्वतः ठेवले.

त्या रात्री त्यांनी पोरीला समोर बसवून सगळे सांगितले. तिने आईकडे बघितले. "म्हणजे कार्गो नाहीच?"

"नाही," बहीण म्हणाली. "मी खोटं बोलले."

"मग मी शाळेत काय सांगू?"

"सांग, मालकाने पप्पांचा पगार दिला नाही," दाजी म्हणाले. "पप्पांनी काम केलं होतं. लाज त्याला वाटू दे, आपल्याला नाही."

ती थोडी रडली. मग करंडी पुढे ओढली, लेबले वाचत सुटली आणि ओरडली, "मामा, बारामती! आजीच्या गावाची एसटी तिथूनच जाते!" गल्लीतली अकरा पोरे मोजून तिने वाटे केले. खजूर मात्र कुणाला दिला नाही.

आता दाजींचे कागद मी जुळवले आहेत. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाला सरकारी परवाना लागतो. तो परवाना खरा की खोटा ते ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर बघता येते आणि कामगाराकडून ३०,००० रुपये व त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घ्यायला बंदी आहे. आपल्यापैकी कुणी जाणार असेल तर पैसे देण्याआधी हे बघा, पावती घ्या, कराराची प्रत घरी ठेवा. आम्ही हे नंतर शिकलो. दाजींचा अर्ज मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयात दिला आहे, परराष्ट्र खात्याच्या 'मदद'वरही तक्रार टाकली आहे.

करंडीचा हिशेब वहीत लिहिला आहे. माझे ७३५, दाजींचे १४०. खर्चाची बाजू मिटली. येणे बाजूला चार महिन्यांचा पगार अजून उभा आहे. तो वसूल होईपर्यंत ही वही बंद करायची नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.