पाकिटातील कोशिंबीर

छत्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे कोणत्याही कागदावरील सर्वांत बारीक अक्षर आधी वाचण्याची सवय मला जडली आहे. हल्ली ती स्वयंपाकघरातही उपयोगी पडते, कारण आमच्याकडे धुऊन-चिरून बंद केलेल्या सॅलडची पाकिटे येऊ लागली आहेत.

संधिवातामुळे सौभाग्यवतींच्या हातात सुरी फार वेळ टिकत नाही. सूनबाई कचेरीतून परततात तेव्हा सूर्यास्ताला जेमतेम अर्धा तास उरलेला असतो. चौविहार पाळणाऱ्या घरात त्या अर्ध्या तासाचे मोल काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. म्हणून ‘तयार पाकीट म्हणजे आळस’ हे आमच्या पिढीचे मत मला सरसकट मान्य नाही. फ्रीजमध्ये मलूल होऊन फेकली जाणारी काकडी कोणाचेच पोषण करीत नाही.

तथापि हिशेब मांडलाच पाहिजे. आमच्या पाकिटाचे वजन १८० ग्रॅम. त्यात ४० ग्रॅमची ड्रेसिंगची पुडी. उरली १४० ग्रॅम भाजी, तीही बहुतांश लेट्यूस, म्हणजे सुमारे ९५ टक्के पाणी. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाण्यास सांगते. पाकीट दोघांत वाटले तर वाट्याला ७० ग्रॅम येतात. चिरल्यानंतर हवेच्या संपर्काने ‘क’ जीवनसत्त्व घटत जाते. थंडाव्यात ही झीज मंदावते, थांबत नाही. तंतू मात्र शाबूत राहतात. व्याज बुडाले तरी मुद्दल हाती लागते, असे समजून एवढे मी सोडून देतो.

सोडता येत नाही ती पुडी. तिच्यावर १०० ग्रॅममागे ९०० मिलिग्रॅम सोडियम छापलेले आहे, म्हणजे एका पुडीत ३६०. प्रौढ माणसाची दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम सांगतात, आणि सौभाग्यवती रक्तदाबाची गोळी घेतात.

दुसरी बाब हिरव्या ठिपक्याची. अंडे असेल तर कायद्याने तो ठिपका मिळत नाही. पण शाकाहाराच्या त्याच व्याख्येत मध बसतो, आणि कांदा, लसूण, गाजर, बीट यांना तर तिची काहीच आडकाठी नाही. तो ठिपका पाहून निश्चिंत होणारी कितीतरी जैन घरे मी पाहिली आहेत. शिवाय पाने निवडण्यात जी जयणा असते, ती कारखान्यातील यंत्रावर कशी सोपवायची? पान उलटून उजेडात पाहण्याचे काम पाण्याचा फवारा करीत नाही. यावर माझ्यापाशी समाधानकारक उत्तर नाही. सूनबाई पाकीट फोडून पाने ताटात पसरतात आणि मी चष्मा लावून पाहतो.

तूर्त आमची व्यवस्था अशी: घटकांची यादी वाचून कंदमुळे नसलेलेच पाकीट आणायचे. त्यात एक काकडी आणि एक टोमॅटो मी स्वतः चिरतो. वर लिंबू, दोन चमचे शेंगदाण्याचा कूट आणि चमचाभर तेलाची जिरे-मोहरीची फोडणी. पानांतील कॅरोटिन अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतोच, तेव्हा फोडणी ही केवळ चैन नव्हे. अष्टमी-चतुर्दशीला आणि चातुर्मासात पाकीट बंद.

पुडी आम्ही उघडत नाही. किंमत मात्र पुडीसकट मोजावी लागते, आणि ते अजूनही माझ्या मनाला टोचते.